स्टिल्ट पार्किंग बंदिस्त करून शेल्टर करावं का?

कोपरखैरण्याच्या एका सोसायटीच्या सचिवांनी विचारलेला हा प्रश्न. इमारत २००४ सालची, स्टिल्ट (तळाचं, नुसत्या कॉलमवरचं उघडं पार्किंग) अधिक सात मजले, मजल्यावर चार घरं, एक जिना, एक लिफ्ट. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. त्या यादीत ठाणे होतं, उरणही होतं. तेव्हापासून प्रत्येक सभेत कुणीतरी उठून विचारतं, की खरंच भोंगा वाजला तर आपण जायचं कुठे? एका कंत्राटदाराने प्रस्ताव दिलाय: पार्किंगच्या दोन बाजूंना पूर्ण उंचीची नऊ इंची वीटभिंत, कुंपणाच्या बाजूला चार फूट भिंत आणि वर वाळूच्या गोण्या, पुढे रोलिंग शटर. दुसरा पर्याय म्हणून शेजारच्या नव्या टॉवरच्या बेसमेंटची परवानगी मागायची. यातलं काय करावं?

मी ठाण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करतो. जुन्या इमारतींचं ऑडिट आणि दुरुस्ती हे रोजचं काम. त्यामुळे आधी थेट सांगतो: कंत्राटदाराचा प्रस्ताव नाकारा. तो नुसता निरुपयोगी असता तर पैसे वाया गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याने इमारत आज आहे त्याहून कमकुवत होईल, आणि संकटाच्या वेळी सगळी माणसं नेमकी इमारतीच्या सर्वांत दुबळ्या जागी जमतील.

स्टिल्ट दुबळा का, ते समजून घ्या. वरच्या प्रत्येक मजल्यावर कॉलमच्या मधे भिंती आहेत. वीट असो वा ब्लॉक, त्या भिंती आडव्या धक्क्याला बऱ्यापैकी अडवतात. स्टिल्टला नुसते कॉलम. वर सात मजल्यांचं कडक खोकं आणि खाली उघडे पाय, म्हणजे आडवा धक्का बसला की सगळी हालचाल त्या पायांत गोळा होते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशाच स्टिल्टवाल्या इमारती पडल्या. त्यानंतर आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत अशा मऊ, म्हणजे वरच्यापेक्षा कमी ताठ मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट आडव्या बलासाठी डिझाइन करण्याची अट आली. तुमची इमारत २००४ ची. तिचे आराखडे दोन-तीन वर्षं आधी झाले असतील, तर ही अट पाळली गेली की नाही हे मूळ आरसीसी ड्रॉइंग पाहिल्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही. मीही नाही.

आता त्या चार फुटी भिंतीचं. ती दिसते निरुपद्रवी. पण दोन कॉलमच्या मधे घट्ट बांधलेली भिंत कॉलमला खालून चार फुटांपर्यंत धरून ठेवते, आणि वाकायला फक्त वरचा भाग मोकळा राहतो. मोकळी लांबी निम्मी झाली की कॉलमचा ताठपणा आठपट होतो. ताठ कॉलम जास्त बल ओढून घेतो. म्हणजे ज्या रांगेत भिंत घातली, त्या रांगेचे कॉलम बाकीच्यांच्या वाट्याचा धक्काही अंगावर घेतात आणि तिरपे चिरून फुटतात. याला आम्ही शॉर्ट कॉलम म्हणतो. शाळांच्या खिडक्यांखालच्या भिंतींमुळे आणि जिन्याच्या मधल्या बीममुळे झालेलं हे नुकसान प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर पुन्हा दिसतं. त्यावर गोण्यांची एक ओळ ठेवली तर ती पहिल्या हादऱ्याला आत बसलेल्यांच्या अंगावर येईल.

शटरचाही विचार करा. स्फोटाची दाबलाट समोरच्या पृष्ठभागावर आपटते तेव्हा परावर्तित होऊन निदान दुप्पट दाब देते. रोलिंग शटरच्या पट्ट्या गाइडमध्ये बोटभर अडकलेल्या असतात. शटर निघून आत येतं, त्यामागून दाब येतो, आणि तीन बाजू बंद असल्याने त्याला बाहेर जायला वाट राहत नाही. बिनसळईची नऊ इंची भिंत आतल्या बाजूला कोसळते. आत माणसांबरोबर पेट्रोलच्या गाड्या आहेत, बहुतेक ठिकाणी मीटर रूमही तिथेच आहे. याउलट उघड्या स्टिल्टमधून लाट आरपार निघून जाते, इमारतीला ते एका अर्थी बरंच असतं. म्हणून स्टिल्ट उघडाच ठेवा, आणि माणसांना तिथे थांबू देऊ नका.

तुमच्या प्रश्नात 'कुठे' आहे, पण 'कशापासून' नाही. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. सभेत 'शेल्टर' म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळं संकट असतं. स्फोटापासून वाचायला इमारतीच्या पोटात, बाहेरच्या भिंतींपासून लांब आणि फार वर नाही अशी जागा लागते. क्लोरीनसारख्या वायूपासून वाचायला वरचा मजला आणि खिडक्या-दारं बंद केलेली खोली लागते, कारण क्लोरीन हवेच्या अडीचपट जड आहे, तो जमिनीलगत पसरतो आणि खड्ड्यात, बेसमेंटमध्ये साचतो. पुरासाठी वर जायचं. भूकंपात धावायचंच नाही, आहे तिथे भक्कम टेबलाखाली बसायचं. या सगळ्यांना पुरेल अशी एक खोली कोपरखैरण्यात बांधता येत नाही. काही दिवस राहता येईल असं, हवा गाळणाऱ्या यंत्रणेचं खास बांधलेलं शेल्टर स्वित्झर्लंड किंवा फिनलंडमध्ये असतं, पण तिथे ते पायापासून आराखड्यातच धरलेलं असतं. आपल्याकडे सोसायटीने दोन वेगळे बेत करावेत, एक स्फोटासाठी आणि एक वायूसाठी, आणि दोन्हींचा सराव वेगळा करावा.

तुमच्या जागेसाठी यातला कोणता धोका मोठा, हे मी ठरवून देऊ शकत नाही. तरी एवढं म्हणेन, की ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला एमआयडीसीचा सलग पट्टा आणि पश्चिमेला तुमची वस्ती, अशी रचना असताना वायुगळतीचा बेत युद्धाच्या बेताइतकाच मन लावून करायला हवा. आणि थेट माऱ्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. इमारतीवर सरळ येऊन आदळणारं मोठं क्षेपणास्त्र कोणतीही निवासी इमारत सोसत नाही. आपण जे करू शकतो ते जवळपासच्या स्फोटासाठी, उडणाऱ्या तुकड्यांसाठी, हवेत पाडलेल्या ड्रोनच्या पडणाऱ्या अवशेषांसाठी. बहुतेक माणसं जखमी होतात ती याच गोष्टींनी.

आकडे पाहू. मुंबई-ठाण्यासाठी इमारतीचं डिझाइन करताना वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्यातून येणारा दाब चौरस मीटरला साधारण १२० किलो. खिडकीच्या साध्या काचा स्फोटाच्या जवळजवळ तेवढ्याच दाबाला तडकू लागतात, आणि त्याच्या चार-पाचपटीत फारशी काच शिल्लक राहत नाही. कानाचा पडदा फाटायला चौरस मीटरला साडेतीन टनांच्या आसपास दाब लागतो, बिनसळईची वीटभिंत पाडायला साधारण पाच टन. म्हणजे भिंत पडण्याच्या कितीतरी आधी, कितीतरी लांब काच फुटते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला झालेल्या स्फोटात १२ माणसं गेली. त्या दिवशी ज्या इमारतींना एक तडाही गेला नव्हता, त्यांच्या घराघरांत काचांचा सडा होता. २३ मे २०२४ च्या स्फोटातही तेच. अंतराचंही लक्षात घ्या. स्फोटक आठपट झालं तर तेवढाच दाब जाणवण्याचं अंतर फक्त दुप्पट होतं. म्हणून स्फोटाच्या जागेपासून थोडं लांब असणंही फार उपयोगाचं असतं. आणि म्हणूनच माझ्या यादीत काच पहिली येते, काँक्रीट नंतर.

तुमच्याकडे बहुतेक तीन ट्रॅकच्या ॲल्युमिनियम स्लायडिंग खिडक्या असतील. एकदा पल्ला हातात धरून वर उचलून पाहा. तो वरच्या चॅनेलमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण इंच असतो, उचलून खालून बाहेर काढता येतो. तो तसाच बसवतात. त्यामुळे काचेवर सेफ्टी फिल्म चिकटवली आणि बाकी काही केलं नाही, तर काच तुकडे होऊन उडणार नाही, पण फिल्मसकट अख्खा पल्ला खोलीत येऊ शकतो. फिल्म लावायचीच, शंभर मायक्रॉनहून पातळ नको, आणि ती काचेच्या कडेपर्यंत जाऊन बीडिंगखाली किंवा सिलिकॉनने फ्रेमला बांधली गेली पाहिजे. पल्ला उचलला जाऊ नये म्हणून वरच्या ट्रॅकमध्ये अडकवणीची पट्टी लावून घ्या, फॅब्रिकेटरला ते तासाभराचं काम आहे. नवी खिडकी बसवणार असाल तर लॅमिनेटेड काच घ्या. १९७१ मध्ये खिडक्यांना कागद चिकटवले होते हे तुमच्या ज्येष्ठ सभासदांना आठवत असेल. ब्लॅकआउटसाठी ते ठीक होतं. फुलीसारख्या चिकटपट्ट्यांनी मात्र काच फुटायची थांबत नाही, तुकडे तेवढे मोठे पडतात. जाड सुती पडदे ओढून ठेवण्याचा उपयोग त्यापेक्षा जास्त. आणि पलंग खिडकीखाली असेल तर तो हलवा. याला एक पैसा लागत नाही.

आता माणसांनी कुठे थांबायचं. युक्रेनमध्ये लोक दोन भिंतींचा नियम पाळतात: तुमच्या आणि बाहेरच्या हवेच्या मधे निदान दोन भिंती हव्यात. पहिली भिंत लाट झेलते, दुसरी त्या भिंतीचे तुकडे. तुमच्यासारख्या चार घरांच्या प्लॅनमध्ये ती जागा बहुधा लिफ्टपुढची लॉबी असते. चारी बाजूंना घरं, घरांची दारं बंद, लिफ्टचा डक्ट काँक्रीटचा असेल तर फारच उत्तम. लॉबी आणि तिला लागून असलेला जिन्याचा वरचा चौक मिळून १३ चौरस मीटर धरू. सात मजल्यांवर अदमासे ११२ माणसं. सहाव्या-सातव्या मजल्यावरच्यांनी खाली यायचं आणि पहिल्या ते पाचव्या मजल्याच्या लॉबीत सगळ्यांनी वाटून थांबायचं, म्हणजे एका लॉबीत बावीस-तेवीस जण, माणशी अर्ध्या चौरस मीटरहून थोडं जास्त. फिनलंडच्या शेल्टरमध्ये माणशी पाऊण चौरस मीटर धरतात. तुमचं त्याहून दाटीचं होईल, पण अर्धा-पाऊण तास थांबायला पुरेल, वृद्धांसाठी खुर्च्या ठेवल्या तरी.

यात जोर मुद्दाम जवळच्या जागेवर आहे. भोंगा आणि धोका यांच्या मधे काही मिनिटंच मिळतात. तेवढ्यात सातव्या मजल्यावरच्या आजींना लिफ्टशिवाय खाली आणून शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या रॅम्पपर्यंत नेणं शक्य नाही, आणि भोंग्यानंतर लिफ्ट वापरायची नाही. रस्त्यात गाठलेला माणूस सर्वांत असुरक्षित. त्यापेक्षा दोन मजले खाली असलेली जरा कमी भक्कम जागा बरी.

लॉबी निवडताना तीन गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्या. पहिली, गच्चीवरची टाकी. आपल्याकडे ओव्हरहेड टाकी सर्रास जिन्याच्या आणि लिफ्टच्या वर बांधतात, म्हणजे पन्नास हजार लिटरची असेल तर ५० टन पाणी त्याच डोक्यावर. टाकीच्या खालच्या कॉलमना पाणी झिरपून गंज लागलेला मी नेहमी पाहतो. वरच्या दोन मजल्यांची लॉबी मी टाळायला सांगतो, त्याचं हे मोठं कारण. दुसरी, जिन्याच्या मधल्या चौकातली खिडकी. तिथे काचेच्या झडपा असतील तर काढा आणि लोखंडी लूव्हर लावा. ती जागा बुजवू मात्र नका, आग लागली तर धूर बाहेर जायला तीच वाट आहे. तिच्या सरळ रेषेत कुणी बसू नये एवढं पुरे. तिसरी, मीटर रूम. ती जिन्याच्या तोंडाशी असते, तिथे आग लागली की धूर जिन्यातून वर चढतो आणि तुमची माणसं नेमकी तिथेच उभी असतात. मीटर रूमला आग रोखणारं दार, आत रद्दी-भंगार काही नाही, आणि केबल वर जाणारी भोकं बुजवलेली, हे शेल्टर असो-नसो करूनच घ्या.

पाइप गॅस असेल तर प्रत्येक घरातला कॉक आणि विंगचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, तो कोण बंद करणार, हे ठरवून ठेवा. १९६८ मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला, भिंतीचं एक पॅनेल निघालं आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. ती जोडलेल्या पॅनेलची इमारत होती, तुमची तशी नाही. तरी बाहेरून आलेला हादरा आणि आतला गॅस यांची गाठ पडू द्यायची नसते.

वाळूच्या गोण्यांबद्दल एक हिशेब, कारण कुणीतरी त्या बाल्कनीत रचायची सूचना करणारच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बाँबचे तुकडे अडवायला ३० सेंटिमीटर आरसीसी, ३४ सेंटिमीटर वीटकाम किंवा ७५ सेंटिमीटर माती-वाळू लागते असं मानलं जाई. आपल्या फ्लॅटची बाहेरची भिंत सहा इंचांची, आतली चार, आणि अलीकडे तीही हलक्या ब्लॉकची. म्हणून मोह होतो. पण चार फूट उंच रचलेली वाळू चौरस मीटरला एकोणीसशे किलो भरते. बाल्कनीचा स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोसाठी डिझाइन केलेला असतो, खोलीचा २००. गोण्या फक्त जमिनीवर. आणि पावसाळ्याआधी रचलेली गोणपाटं गणपतीपर्यंत कुजून फुटलेली असतात.

रिफ्यूज एरियाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घोडबंदर रोडवरच्या उंच टॉवरमधले रहिवासी नेहमी विचारतात. ती जागा आगीसाठी आहे. अग्निशमन दलाच्या शिडीला पोचता यावं आणि धूर साचू नये म्हणून ती मुद्दाम बाहेरच्या बाजूला उघडी ठेवलेली असते. स्फोट आणि वायू, दोन्हींसाठी ती चुकीची जागा. तिथल्या ज्या इमारती मायवान पद्धतीच्या आहेत, म्हणजे आतल्या भिंतीही ओतीव काँक्रीटच्या, त्यांच्याकडे प्रत्येक घरात एखादा आतला पॅसेज किंवा बाथरूम चांगलं संरक्षण देऊ शकतं. आरसा, काचेचं शॉवर पार्टिशन आणि गिझर नसलेलं बाथरूम निवडा.

वायूचा बेत वेगळा. दुपारी वारा समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो आणि तुमच्याकडून एमआयडीसीकडे वाहतो. रात्री आणि हिवाळ्याच्या पहाटे तो उलटतो, डोंगराकडून खाडीकडे मंद वाहतो, आणि तेव्हा खिडक्या उघड्या ठेवून सगळे झोपलेले असतात. पट्ट्यातल्या कारखान्यांशिवाय शीतगृहांत अमोनिया असतो, जलशुद्धीकरण केंद्रांत क्लोरीनचे ९०० किलोचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर असतात. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका, पण दाबाखालून द्रवरूपात सुटला तर सुरुवातीला थंड ढग होऊन तोही जमिनीलगतच सरकतो. अशा वेळी लॉबीत यायचं नाही, कारण जिन्याचा डक्ट धुराड्यासारखा सगळं वर ओढतो. आपापल्या घरात, वारा ज्या बाजूने येतोय तिच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत जायचं, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांनी वरच्या शेजाऱ्यांकडे. खिडक्या बंद, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद, फॅनच्या भोकावर प्लास्टिक आणि पॅकिंग टेप, दाराखाली ओला टॉवेल. गुदमरण्याची भीती लोकांना फार वाटते. तीन बाय साडेतीन मीटरच्या खोलीत पाच माणसं शांत बसली तर कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या आसपास जायला तीन तास लागतात, तेवढ्यात ढग बहुधा निघून गेलेला असतो. दिवा, उदबत्ती, मच्छर कॉइल लावायची नाही. आणि बाहेरची हवा स्वच्छ झाल्याचं कळलं की लगेच सगळ्या खिडक्या उघडायच्या, कारण फटींतून आत आलेला वायू आतच राहतो. ही शेवटची पायरी सगळे विसरतात.

याच संदर्भात तुमचा एक हक्क सांगतो. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि अपघातात काय करायचं याची माहिती द्यायची असते, आणि कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा असतो. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र लिहून ती माहिती मागा. कोणता वायू, किती अंतरावर, भोंगा कसा वाजतो, एवढं कळलं तरी तुमचा अर्धा बेत तयार होतो.

शेजारच्या टॉवरचं बेसमेंट. याचं उत्तर सरसकट नाही म्हणून देता येणार नाही. पोडियमखालचं (पोडियम म्हणजे टॉवरभोवतीचा उंच केलेला सामायिक स्लॅब), पण टॉवरच्या थेट खाली नसलेलं बेसमेंट स्फोटाला चांगलं असू शकतं. अग्निशमन गाडी पोडियमवर फिरते म्हणून तो स्लॅब जड भारासाठी केलेला असतो. टॉवरच्या खालच्या भागात मात्र वरून पडणाऱ्या ढिगाऱ्याचा विचार हवा. युद्धकाळात ब्रिटनमध्ये बेसमेंटच्या छताला चौरस मीटरला हजार ते दोन हजार किलो ढिगारा धरून टेकू देत. त्याहून मोठा प्रश्न बाहेर पडण्याच्या वाटेचा आणि पाण्याचा. १३ ऑक्टोबर १९४० ला लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागात एका निवासी इमारतीच्या बेसमेंट शेल्टरवर इमारत कोसळली. बाहेर पडायच्या वाटा बंद झाल्या, पाण्याचे नळ फुटून आत पाणी भरलं, आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. नवी मुंबईत हे विसरून चालणारच नाही. आपली बरीच जमीन भरावाची आहे, भरतीच्या पातळीला किंवा तिच्याखाली, त्यासाठीच तर सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव बांधले. इथली बेसमेंट पंपावर कोरडी राहतात आणि पंप विजेवर चालतात. त्यामुळे तिकडच्या कमिटीला विचारा: रॅम्पखेरीज इमारतीच्या पडझडीच्या बाहेर उघडणारा दुसरा जिना आहे का, पंप आणि व्हेंटिलेशनचे पंखे जनरेटरवर आहेत का, डिझेलची टाकी आणि ट्रान्सफॉर्मर कुठे आहेत. तिन्ही उत्तरं समाधानकारक असतील तर दीर्घ इशाऱ्याच्या वेळी, म्हणजे आधी काही तास सूचना मिळाली तर, ती जागा वापरा. मिनिटांच्या इशाऱ्याला लॉबीच. वायूसाठी बेसमेंट कधीही नाही.

मैदानात चर खोदण्याची सूचनाही येईल, १९७१ मध्ये शाळांच्या मैदानांवर खोदले होते. नैसर्गिक जमिनीतल्या अशा हवाई हल्ल्याच्या आसऱ्यांसाठी आयएस ५४९९ हे मानकही आहे. पण कोपरखैरण्याच्या भरावात चार फुटांवर पाणी लागलं तर तो चर राहत नाही, डबकं होतं.

मग पैसे कुठे घालावेत? स्ट्रक्चरल ऑडिट आणि स्टिल्टचं सबलीकरण. इमारत वीस वर्षांपुढे गेली आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं. ते नुसतं हातोड्याने ठोकून केलेलं नको: काँक्रीटचा दर्जा पाहायला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी, निवडक कॉलमचे कोअर (कापून काढलेले नमुने), कार्बोनेशनची खोली (हवेमुळे काँक्रीट किती आतपर्यंत बिघडलं ते) आणि सळईच्या गंजासाठी हाफ सेल चाचणी, एवढं तरी हवं. स्टिल्टमधले कॉलम स्वतः वाकून तळाशी पाहा. गाडी धुतल्याचं पाणी जिथे साचतं तिथे जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत उभी चीर आणि तांबूस डाग दिसला, तर आतली सळई फुगायला लागली आहे. वरून प्लास्टर मारून ती झाकू देऊ नका. ऑडिट आल्यावर मी साधारणपणे दोन पर्याय तपासतो: कॉलमना चारी बाजूंनी किमान १०० मिलिमीटरचं आरसीसी जॅकेट, ज्याची उभी सळई पायापर्यंत नेलेली आणि रिंगांचे हूक १३५ अंशांत वळवलेले असतील, किंवा काही निवडक गाळ्यांत (दोन कॉलममधल्या जागांत), दोन्ही दिशांना समतोल राहील अशा आरसीसी भिंती अथवा लोखंडी ब्रेसिंग (तिरपे आधार), म्हणजे गाड्यांची वाट सुटते आणि स्टिल्ट ताठ होतो. कोणता पर्याय, ते पाया आणि पार्किंगची मांडणी पाहून ठरतं. जुन्या आरसीसी इमारतींच्या सबलीकरणासाठी आयएस १५९८८ हे २०१३ चं मानक आहे, सल्लागाराला त्याप्रमाणे हिशेब मागा. हे काम भूकंपालाही उपयोगी पडतं, आणि शेजारी स्फोट होऊन एखादा कॉलम गेला तरी इमारत उभी राहण्याची शक्यता वाढते. त्यात घातलेला पैसा भोंगा कधीच वाजला नाही तरी वाया जात नाही. महापालिकेची परवानगी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव आधी. पार्किंग भिंतींनी बंदिस्त करायला तर मंजुरी मिळणंही कठीण आहे.

तुमच्याकडे नाही, पण वाशी-नेरुळच्या आणि ठाण्यातल्या ज्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, त्यांनी ही मागणी आराखड्याच्या वेळीच करावी. इस्रायलने १९९१ च्या आखाती युद्धानंतर प्रत्येक नव्या घरात एक जाड आरसीसी खोली सक्तीची केली. त्या खोल्या एकावर एक येतात आणि इमारतीचा कणाच बनतात. आपण तेवढं नाही केलं तरी लिफ्टची लॉबी चारी बाजूंनी आरसीसी भिंतींत घेणं आराखड्यावर असताना फार महाग पडत नाही. इमारत उभी राहिल्यावर ते होत नाही. आणि महापालिकेने सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरवलेली इमारत असेल तर शेल्टरचा विषयच काढू नका, आधी ती रिकामी करा.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा ठेवा: या महिन्यात लॉबीची जागा, व्हॉल्व्हची जबाबदारी, मीटर रूम आणि दोन्ही बेतांचा एकेक सराव, दिवाळीपर्यंत काचा, पुढच्या आर्थिक वर्षाच्या बजेटमध्ये ऑडिट, आणि त्याचा अहवाल पाहून सबलीकरण. मला पुढे काही सांगायचं झालं तर चार गोष्टी लागतील: मंजूर नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग (सोसायटीकडे नसतील तर महापालिकेकडून नक्कल मागा), स्टिल्टमधल्या सगळ्या कॉलमच्या तळाचे फोटो, लॉबीचं टेपने घेतलेलं माप, आणि गच्चीवरची टाकी नेमकी कोणत्या कॉलमवर आहे त्याचं साधं हातचित्र. ड्रॉइंगवर तारीख असते, ती आधी पाहा. २००२ च्या आधीची असेल तर ऑडिट पुढच्या वर्षावर ढकलू नका, याच वर्षी करा.